तुला तर माहीतच आहे

दुपारच्या चाचणी खेळाला प्रेक्षक होते सोळा, आणि त्यातले अकरा खोकत होते.

सर्दीची साथबीथ काही नव्हती. पडद्यावर एक बहीण आपल्या सख्ख्या भावाला सांगत होती, "तुला तर माहीतच आहे, आई तीन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळली, तेव्हा तू दूर गेलेला होतास, आणि मी नोकरी सोडून…" आणि तो भाऊ, आपल्याला आई होती हे आजच कळावं तसा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

शेवटच्या रांगेत अंधारात बसून ती कागदावर खोकले मोजत होती. माणूस गोष्टीत गुंतला की घसा खवखवायचंसुद्धा विसरतो, आणि कंटाळला की आधी खोकतो, मग घड्याळ पाहतो, असा तिचा अनुभव. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने तर कहरच केला होता. एकट्याच्या नावावर बारा खोकले!

"ज्याने हे लिहिलंय ना," ती पुटपुटली, "त्याला खुर्चीला बांधून हेच पुन्हा पुन्हा दाखवलं पाहिजे."

"दाखवलंय," शेजारून घोगरा आवाज आला. "सतरा वेळा."

"अरे देवा! काय पाप केलं होतंत?"

"हेच. लिहिलंय मीच."

अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचे कान लाल झालेले दिसले असते. त्याने खिशातून खोकल्याची गोळी काढून तिच्यापुढे धरली. ती तिने का घेतली, कुणास ठाऊक. घसा तर तिचा ठणठणीत होता.

"सोमवारी दहाला तळघरात या," दिवे लागल्यावर ती म्हणाली. "मीच कापणार आहे तुम्हाला."

"पहिल्याच भेटीत?" तो हसला, आणि हसता हसता पुन्हा खोकला. तिने कागदावर तेरावी रेघ ओढली.

आता ही कोण, तो कोण, हे मला सांगावं लागणार. ती इथे असती तर हा परिच्छेद तिने बिनदिक्कत उडवला असता. पण ती नाही, तेवढ्यात सांगून घेतो. ती चित्रपटांची संकलक. लोक महिनोन्‌महिने राबून जे चित्रित करतात, त्यातलं निम्मं फेकून द्यायचं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला कातरबाई म्हणत. तोंडावर नाही; तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! घरी ती आणि आई, दोघीच. आणि तो, लेखक. पहिलाच चित्रपट. निर्मात्याने दोघांना निरोप धाडला होता की तीन आठवड्यांत पहिली बारा मिनिटं सुधारा, नाहीतर चित्रपट डब्यात. झालं माझं सांगून.

तळघराला खिडकी नव्हती. वर एका सुताराचं दुकान. करवत सुरू झाली की खाली काम थांबवायचं आणि चहा प्यायचा. कोपऱ्यात कपाटाएवढी एक खोली होती, भिंतींना जुन्या रजया ठोकलेली. तिच्यात बसून तात्पुरते आवाज भरायचे. सोमवारी तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात मफलर होता, आणि बाहेर रणरणतं ऊन.

"लेखकाचा गणवेश वाटतं," ती म्हणाली.

"हो. झोळी धुवायला टाकलीय."

तिने तोंड फिरवून हसून घेतलं. मग यंत्र सुरू केलं आणि त्याला नियम सांगितला. या खोलीत माहिती सांगणाऱ्या वाक्यांना म्हणायचं सांगकाम. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एक पात्र दुसऱ्याला सांगतं, ती प्रेक्षकाने चोरून ऐकावी म्हणून. अशा वाक्याची सुरुवात ठरलेली असते, 'तुला तर माहीतच आहे'. ते चार शब्द कानावर पडले की पुढचं ऐकायचं नाही. काप.

"पुढे काहीतरी चांगलं असलं तर?"

"नसतं. वीस वर्षांत एकदाही नव्हतं."

"पण मग लोकांना कळणार कसं, की आई गेली आणि हिचं आयुष्य तिच्या उशाशी गेलं?"

"भूक लागल्याशिवाय ताट वाढू नये, लेखक महाशय. आधी त्यांना प्रश्न पडू दे. पडला की तुम्ही अर्धंच उत्तर द्या. उरलेलं ते स्वतः शोधतात, आणि स्वतः शोधलेलं कुणाला कंटाळवाणं वाटत नाही."

तो मुकाट्याने लिहून घेत होता. तिला वाटलं, बिचारा नवखा आहे.

मग सुरू झाली भांडणं. ती व्हायची बहीण, तो व्हायचा भाऊ, आणि दोघं कडाकडा भांडायचे. कारण तिचं म्हणणं, माणूस प्रेमात लपवतो ते भांडणात ओकतो, तेव्हा माहिती द्यायची तर भांडणात द्यावी. तो मुद्दाम घोळ घालायचा. "तुला तर माहीतच आहे ताई, की समोरच्या बाईंना रागावल्यावर नाकाच्या शेंड्यावर घाम येतो…"

"हे संहितेत नाही!"

"नाही. पडद्याबाहेरची माहिती आहे."

चार शब्द उच्चारले की दंड म्हणून त्याने चहा आणायचा, असं ठरलं होतं. दिवसाला सहा-सहा चहा होऊ लागले. आणि गंमत बघा, दुसऱ्या आठवड्यात तो बोललाच नाही तर तीच म्हणू लागली, "आज काय, सांगकाम नाही वाटतं?" तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्याचा चहा मात्र गार होईपर्यंत तसाच असायचा. मग तो घोट-घोट, डोळे मिटून, औषधासारखा प्यायचा. तिला ते दिसायचं… दिसायचं हो सगळं! पण तिने त्याचा अर्थ लावला, की याला इथून उठायचं नाही. आणि त्या अर्थाने तिला इतकं बरं वाटलं, की दुसरा अर्थ तिने शोधलाच नाही.

बारा मिनिटांचं कोडं एका गुरुवारी सुटलं. तो अर्धा दिवस कुठेतरी जाऊन आला होता, चेहरा उतरलेला. मफलर न सोडताच खुर्चीत बसला.

"असं करू," तो हळू म्हणाला. "बहीण फोनवर आहे. वापरलेली खाट विकतेय, डोक्याकडून वर होणारी, इस्पितळातली असते तसली. समोरचा विचारतो, किती वापरलीय? ती म्हणते, तीन वर्षं. चालू आहे ना? चालू आहे. मग विकताय का? ती गप्प. तो विचारतो, गादी पण देणार? ती म्हणते, नाही… गादी नाही देणार. आणि भाऊ दारात बॅग घेऊन उभा आहे, हे सगळं ऐकत."

करवत वर कधी थांबली तेही तिला कळलं नाही. चाळीस सेकंद. आई, आजार, तीन वर्षं, मरण, उशिरा आलेला भाऊ, सगळं त्यात होतं, आणि कुणीही कुणाला काहीही सांगत नव्हतं.

"कुठे सुचलं रे हे तुला?"

"सुचलं नाही," तो म्हणाला. "रांगेत उभा होतो, तिथे ऐकलं."

कसली रांग, हे तिने विचारायला हवं होतं. पण ती आनंदाने उठली आणि त्याच्या केसांतून तिने चक्क हात फिरवला! मग स्वतःच दचकून मागे सरली… त्याने विस्कटलेले केस तसेच राहू दिले.

त्याच दिवशी, चहा पिताना, त्याने विचारलं, "तुला सांगण्याचा एवढा राग का गं?"

वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ती कपाकडे बघत बोलली. "अकरा वर्षांची होते. शाळेतून आले तर दाराबाहेर बुटा-चपलांचा हा ढीग. त्यात काकांचे बूट. बाबांचं आणि काकांचं चार वर्षं तोंड बघणं बंद होतं. ते बूट पाहिले आणि मला कळलं, बाबा गेले. कुणीच सांगितलं नाही. अजून नाही. आईने ते वाक्य आजतागायत उच्चारलेलं नाही. बघ, गरजच पडली नाही. बूट पुरले."

"पुरले?"

"म्हणजे?"

"अकरा वर्षांच्या पोरीला बूट बघून बाप गेल्याचं कळतं, हे पडद्यावर फार सुंदर दिसेल. पण कुणीतरी तुला जवळ घेऊन सांगायला हवं होतं गं." त्याचा आवाज फाटला. "चित्रपटात सांगू नये. माणसाला सांगावं. त्याला माहीत असलं, तरी सांगावं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "हे सांगकाम झालं. जा, चहा आण."

तो गेला. तुम्हाला सांगतो, तिथेच तिने त्याचा हात धरून त्याला थांबवलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण म्हणतात ना, बुडत्याचा पाय खोलात.

शेवटच्या दिवशी नुसती घाई. संध्याकाळपर्यंत चित्रपट द्यायचा, उद्या सगळा साठा पुसून यंत्र दुसऱ्या कामाला जाणार. शेवटच्या दृश्यावर भावाचं थोडं निवेदन हवं होतं. तात्पुरतं म्हणून ते त्यानेच रजयांच्या खोलीत बसून भरलं. काचेपलीकडे तो दिसत होता, माइकजवळ वाकलेला. एक वाचन झालं, दोन झाली, सात झाली. मग ती दिग्दर्शकाच्या फोनवर अडकली, आणि त्याने आतूनच खूण केली, एक शेवटचं घेतो. बराच वेळ बोलत होता. बाहेर आला तेव्हा घामाने डबडबलेला, आणि का कोण जाणे, हसतमुख.

"आठवं नक्की ऐक," तो म्हणाला. "मी निघतो. पोचल्यावर कळव… म्हणजे, ऐकल्यावर."

"मुंज्यासारखा मानगुटीवर बसू नकोस, ऐकते म्हटलं ना!"

दाराशी तो थांबला. मफलर सारखा केला. गेला.

सहा वाजता तिने आठवं लावलं. घोगरा, जवळून आलेला आवाज. "तुला तर माहीतच आहे…"

तिला हसूच आलं. शेवटच्या दिवशीसुद्धा चेष्टा! घड्याळात सहा वाजून चार मिनिटं, फोन वाजतोय, नियम तो नियम. काप. तिने पुढचं न ऐकता ते पुसलं, आणि चित्रपट रवाना झाल्यावर त्याला लिहिलं, "आठवं ऐकलं. कापलं. सांगायची गरज नव्हती, कळतंय तसंही."

तिला वाटलं होतं की हे किती लाडिक, किती सूचक लिहिलंय आपण! तीन वेळा स्वतःच वाचलं तिने.

बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं. "बरं."

नुसतं बरं. पुढे नाही, मागे नाही.

मग तो आला नाही. फोन बंद. पहिले दोन दिवस ती रागावली, पुढचे दोन दिवस आणखी रागावली. गरज सरो, वैद्य मरो! तळघरात दुसऱ्याच कुणाचा चित्रपट आला, वर करवत चालू झाली की ती एकटीच चहा पिऊ लागली. आई म्हणाली, "जेवत का नाहीस?" ती म्हणाली, "जेवले." दोघींनाही ते खोटं आहे हे ठाऊक होतं, आणि त्या घरच्या रीतीप्रमाणे दोघीही गप्प बसल्या.

अकराव्या दिवशी दुपारी तळघराच्या पायऱ्या उतरून एक बाई आली. दमलेली, हातात डब्याची पिशवी, आणि नाक हुबेहूब त्याच्यासारखं.

"कातरबाई तूच ना? मी त्याची ताई." ती बसली नाही. "मी भांडायला आले होते. पण इस्पितळाचे जिने चढउतार करून भांडणाचं त्राण राहिलं नाही. एकच विचारते. एवढं सगळं त्याने तुला सांगितलं, आणि तू 'गरज नव्हती' म्हणून मोकळी झालीस? एकदा बघायलासुद्धा आली नाहीस?"

"काय सांगितलं?"

"काय म्हणजे? गाठ. ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार, हे दोन महिन्यांपासून ठरलेलं होतं. तुझ्या कामासाठी थांबला होता मेला, डॉक्टरांच्या शिव्या खात. मला म्हणाला, ताई, आवाज आहे तोवर तिला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगून आलो. जे सांगायचं होतं ते सगळं."

वर करवत चालू होती. पण ती तिला ऐकू आली नाही.

तेरा खोकले. उन्हातला मफलर. गार चहा. रांग. वापरलेली खाट. वीस वर्षं लोकांना शिकवत आली होती, की सांगू नका, दाखवा, बघणाऱ्याला कळतं. आणि बघणारी कोण, तर ही! सगळं डोळ्यांसमोर मांडून ठेवलं होतं त्याने. तिला काही कळलं नव्हतं. शेवटी बिचाऱ्याने तोंडाने सांगितलं, तर तिने चार शब्दांवर कातर चालवली.

त्या दुपारी तिने सगळी यंत्रं पालथी घातली. आठवं गेलं होतं, कायमचं. एक ते सात चित्रपटाबरोबर दिली होती, आणि तिकडे नटाचा आवाज भरल्यावर तीही पुसून झाली होती. एका विसरलेल्या फोल्डरात तिला फक्त कात्रणं सापडली, वाक्याच्या आधीची. "हं… घेऊ?" "थांब, पाणी." "परत एकदा?" आणि एक श्वास. सगळी जोडून एकोणीस सेकंद झाली. त्याचा आवाज म्हणून या जगात आता तेवढाच शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली; भेटायची वेळ चार ते सहा. तो खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता, डोक्याकडून वर केलेल्या. गळ्याभोवती पांढरी पट्टी, मधोमध श्वासाची नळी. निम्मा झाला होता. मांडीवर लहान मुलांची असते तशी पाटी. तिला पाहून त्याचा चेहरा आधी उजळला, मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो विझला.

त्याने लिहिलं, 'ताईने ओढत आणलं ना? कशाला आलीस. तुझं उत्तर मिळालं होतं.'

"मी ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली.

त्याने खडू खाली ठेवला.

"आठवं. ऐकलं नाही मी. चार शब्द ऐकले आणि पुसलं. खोटं लिहिलं तुला. मला वाटलं, तू चेष्टा करतोयस. त्यात काय होतं, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही, कारण ते आता कुठेच नाही, मी शोधलं, सगळीकडे शोधलं रे…"

त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय. पण तो हसत होता. आवाजाशिवाय, नळीतून फसफसत, डोळ्यांतून पाणी गाळत हसत होता. ते हसणं रडण्यापेक्षा भयंकर होतं, आणि तरी तिला ते हवं होतं. हसू ओसरल्यावर त्याने पाटी पुसली आणि सुरुवात केली, 'तुला तर माही—'

तिने त्याचा हात धरला. "थांब. आधी मी."

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. करोत बापडे.

"तुला तर माहीतच आहे," ती म्हणाली, आणि आजोबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हणाली, "तुला तर माहीतच आहे, की मी अंधारात तुझी गोळी घेतली. माझा घसा दुखत नव्हता. मी सहा-सहा चहा प्यायले, मला चहा झेपत नाही, रात्रभर छातीत जळजळायचं. तुझ्या केसांतून हात फिरवला, तो चुकून नव्हता. तू आला नाहीस तेव्हा मी जेवले नाही. काल आईला सांगितलं. घरात पहिल्यांदा कुणीतरी कुणाला काहीतरी सांगितलं, आणि मग ती बाबांबद्दल बोलली, आम्ही दोघी मिळून रडलो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे पडद्यावर कुणी म्हटलं असतं तर मी कापलं असतं. तुझी तब्येत कशी राहील, सगळं निघालं का, हे डॉक्टर सहा महिन्यांनी सांगणार आहेत, तेही ताईंनी सांगितलं. वाईट असू शकतं. तेही तुला माहीत आहे. तरी सांगते, मी रोज चारला येणार…"

आणि ती सांगतच राहिली. तेच-तेच, मागचं पुढे, पुढचं मागे, ना भांडण, ना दृश्य, ना कोडं, नुसती माहिती. वीस वर्षांच्या कामात इतकं रटाळ तिने काही पाहिलं नव्हतं. आजोबा एकदाही खोकले नाहीत.

घंटा झाली. परिचारिका दारात येऊन उभी राहिली. त्याने पाटी ओढली, लिहिलं आणि तिच्याकडे वळवलं.

'लांबलंय. पण एक शब्दही कापू नकोस.'